सेटअप मुका राहतो तेव्हां

घरच्या संगणकावर नवा प्रोग्राम बसवावयाचा म्हणजे त्याची सेटअप नांवाची फाइल उतरवून घ्यावी, तिच्यावर दोनदां टिचकी मारावी आणि पुढें येणाऱ्या प्रश्नांस होकार देत जावें, एवढी माहिती आतां शाळेंत जाणाऱ्या मुलांसही असते. पंचाईत होते ती ही फाइल कांहींच करीत नाहीं तेव्हां. अमुक चुकलें असें संगणकानें सांगितलें, तर निदान त्या शब्दांवरून शोध घेतां येतो. येथें क्षणभर चक्र फिरतें, थांबतें, आणि पडदा पूर्ववत् होतो. मग घरांत ज्याला त्याला उपाय सुचूं लागतात. कोणी दहा वेळां टिचकी मारतो, कोणी विषाणुप्रतिबंधक प्रोग्राम बंद करा म्हणतो, तर कोणी भलत्याच ठिकाणाहून तीच फाइल पुन्हां उतरवितो. यांपैकीं शेवटचे दोन उपाय म्हणजे चोराच्या हातीं किल्ली देण्यासारखे आहेत, हें येथेंच सांगून ठेवतों.

खरें पाहतां सेटअप म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्राम नव्हे. ती घट्ट बांधलेली वळकटी आहे. ती सोडण्यास आधीं मोकळी जागा लागते, व ही जागा विंडोजमध्यें प्रत्येक खात्याच्या पोटांत ‘टेम्प’ नांवाच्या फोल्डरांत राखलेली असते. सेटअप तेथें आपलें सामान पसरतो व मगच तोंड उघडतो. तेव्हां तो मुका राहिला, तर एक तर वळकटीच अपुरी आली आहे, किंवा तिला सोडण्याची मुभा नाहीं, किंवा तिला जागा सांपडत नाहीं.

पहिल्या दोन गोष्टी पाहण्यास फार वेळ लागत नाहीं. उतरविलेल्या फाइलीचा आकार मूळ ठिकाणीं सांगितल्याप्रमाणें आहे कीं नाहीं तें पाहावें. टास्क मॅनेजरांत पूर्वींचा सेटअप अर्धवट अडकून बसला असल्यास त्यास बंद करावें. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्यें ‘अनब्लॉक’ अशी खूण दिसत असेल, तर फाइल विश्वासू ठिकाणची असल्याची खात्री करूनच ती लावावी. आणि उजव्या टिचकीनें ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हा पर्याय घ्यावा. बत्तीस बिटी विंडोजवर चौसष्ट बिटी सेटअप चालत नाहीं, हेंही खरें. पण तेथें विंडोज बहुधा तसें बोलून दाखवितें.

तिसरें कारण मात्र आमच्या मराठी घरांशीं विशेष निगडित आहे. नगर शहरांत (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, बोलण्यांत अजून नगरच चालतें) आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या नोव्हेंबरांत तें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. घरांतील वडील मंडळींत अण्णा हे निवृत्त शिक्षक. निवृत्तिवेतन चालू राहावें म्हणून वर्षाकांठीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालीं सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ योजनेमुळें तो बोटाचा ठसा देऊन घरबसल्याही देतां येतो. गुडघ्यांमुळें अण्णांस जिना उतरवत नाहीं, म्हणून ठसा घेणारें यंत्र आणविलें. परंतु त्या यंत्राचा सेटअप कांहीं केल्या सुरू होईना. महिना संपत आला होता. पुतण्यानें यंत्र परत करण्याची भाषा सुरू केली.

कारण निघालें तें असें. नातवानें संगणकावर आजोबांचें खातें उघडतांना हौसेनें ‘अण्णा’ असें देवनागरींत नांव घातलें होतें. विंडोजनें त्याच नांवाचें फोल्डर केलें, आणि टेम्पची जागा त्याच्या पोटांत गेली. आतां जुन्या धाटणीचे प्रोग्राम सामान्यतः २५६ चिन्हांच्या एका कोष्टकांतून अक्षरें वाचतात. अशीं कोष्टकें रोमन, ग्रीक, रशियन, अरबी इत्यादि लिप्यांसाठीं विंडोजमध्यें आहेत; देवनागरीसाठीं तें कधींच झालें नाहीं. विंडोज २००० मध्यें आपली लिपि आली ती युनिकोडच्या द्वारें. म्हणून जुना सेटअप टेम्पचा पत्ता विचारतो, तेव्हां कोष्टकांत न सांपडणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागीं त्यास प्रश्नचिन्ह मिळतें. ‘अण्णा’ हीं आपल्या लेखीं दोन अक्षरें. युनिकोडांत तीं अ, ण, हलन्ताची खूण, ण आणि काना अशीं पांच चिन्हें, म्हणून प्रश्नचिन्हेंही पांच! आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजच्या फोल्डराच्या नांवांत मुळींच चालत नाहीं. पत्ताच खोटा ठरल्यावर सेटअप निमूटपणें परत फिरतो.

हें कळतांच घरांत नातवास बोल लावण्यास सुरुवात झाली. अण्णा म्हणाले, “माझें नांव मराठींत लिहिण्यांत त्याचें काय चुकलें?” आमचेंही मत तेंच. शके १२१२ मध्यें नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्या जिल्ह्यांतील घरांत देवनागरी नांव हा दोष ठरावा, हें कोणास रुचेल? युनिकोडांत देवनागरी १९९१ पासून आहे. त्यानंतर इतक्या वर्षांनीं ज्यांचे सेटअप तिला ओळखीत नाहींत, त्यांच्या आळसाचा भार मुलाच्या डोक्यावर कां?

उपाय साधा होता. रोमन अक्षरांत नांव घातलेलें दुसरें खातें उघडलें, त्यांतून सेटअप चालविला, आणि तो तत्काळ बोलूं लागला. पुढें अण्णांच्या झिजलेल्या बोटांनीं थोडा त्रास दिला. अखेर डाव्या अंगठ्याचा ठसा उमटला. (२०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही हें काम होतें, बँकेचा मार्ग तर आहेच. तेव्हां सेटअपच्या नादांत मुदत टळूं देऊं नये.)

नवें खातें नको असल्यास ‘सी’ ड्राइव्हवर रोमन नांवाचें एक फोल्डर करावें व एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्समधील ‘टेम्प’ आणि ‘टीएमपी’ या दोहोंस त्याचा पत्ता द्यावा. विंडोज १० मध्यें २०१८ पासून युटीएफ-८ ची एक सोयही आहे. ती अजून प्रायोगिक म्हणविते आणि तिनें दुसरे जुने प्रोग्राम बिघडूं शकतात, म्हणून आम्ही ती शेवटीं ठेवूं. मूळ फोल्डराचें नांव हातानें बदलण्याचें धाडस मात्र कोणीं करूं नये; त्यानें सबंध खातेंच अडतें.

नवा संगणक घेणाऱ्यांनीं खातें प्रथम रोमन नांवानें उघडावें आणि मग कंट्रोल पॅनेलमधून दिसणारें नांव देवनागरींत करावें. फोल्डर रोमनच राहतें व पडद्यावर ‘अण्णा’ असेंच दिसतें. आंतील पत्रांस व छायाचित्रांस मराठी नांवें खुशाल द्यावींत.