विणून झालेलं, विणायचं असलेलं

या थंडीत सुयांवरून उतरलेलं:

१. बाळाचं टोपडं: काठाला ‘एक सुलट, एक उलट’ची पट्टी. ती ताणते आणि परत आवळते, म्हणून टोपडं डोक्यावर नीट बसतं.

२. मफलर: दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलट. त्यामुळे कडा सपाट राहतात. एक ओळ सुलट, एक उलट विणली असती, तर कडा गुंडाळल्या असत्या.

३. बाबांचा हाफ स्वेटर: अ‍ॅक्रिलिक लोकर, म्हणून धुवायला सोपा. फक्त गरम इस्त्री फिरवू नका. वीण कायमची चपटी होते.

आता पुढचे बेत:

आधी चार सुयांवर गोल विणायचे पायमोजे, मधे शिवण नाही. मग मुंबईच्या हवेला चालेल असा सुती टॉप. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, वापरून ते सैलावतं. म्हणून माप थोडं आवळच धरणार.

आणि नमुन्याचा चौकोन आधी विणाच! १० सेंमीत २० ऐवजी २२ टाके बसले, तर २०० टाक्यांचा घेर १०० सेंमी न होता जेमतेम ९१ भरतो.

तुमच्या सुयांवर सध्या काय आहे?