आबांची गाडी सुरतेला नांदायला गेली

आमच्या शहाद्याकडच्या मळ्यात आबांनी १९९६ साली टाटा ४०७ घेतली. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, म्हणून गाडीवर धुळ्याचा एमएच-१८ नंबर पडला. एमएच-३९ आला तो नंतर, १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाल्यावर. पपई, केळी, मिरची, लग्नातली भांडी, वऱ्हाडी मंडळी, काय काय वाहिलं त्या गाडीनं! १९९९ साली माझं लग्न झालं, तेव्हा माझं रुखवतही तिच्यातूनच नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली असा रस्ता धरून उधन्याला उतरलं.

आबा २०१८ साली गेले. पुढच्या वर्षी दादा पोटापाण्यासाठी माझ्या मागोमाग सुरतेला आला आणि ती गाडीही घेऊन आला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आपल्या खानदेशची इतकी माणसं आहेत की परकं वाटायचं कारणच नाही. सरदार मार्केटमधून भाजी आणायची, कुणाचं घरसामान हलवायचं, हंगामात घरची पपई आणायची, असा धंदा सुरू झाला. कागदपत्रांचं विचारलं की दादा हसून अहिराणीत म्हणायचा, "गाडी चालस ना, मंग कागदं कसाले?"

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटेच्या अंधारात माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, गाडी चालवत होता. वय १९. वळणावर एक सायकलवाला गाडीला घासून पडला. देवाची कृपा, गुडघा खरचटण्यावर भागलं. त्याला दवाखान्यात नेलं, पट्टी केली, घरी सोडलं. पण त्या रात्री आमच्या घरात कुणाचा डोळा लागला नाही. नात्यातले एक वकील दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी गाडीचे कागद मागितले आणि एकेक बाजूला ठेवत गेले.

आरसी पुस्तक आबांच्या नावावर. फिटनेस २०१८ मध्येच संपलेलं. विमा संपलेला. टॅक्स थकलेला. महाराष्ट्राची गाडी तीन वर्षं गुजरातेत, कुणाला कळवलेलं नाही. चालवणारा मुलगा विशीच्या आतला. वकील म्हणाले, "ताई, तो माणूस दगावला असता तर नुकसानभरपाई कुणी भरली असती? विमा कंपनी नाही. तुमचं शेत गेलं असतं."

आई तिथेच बसलेली होती. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी विसरणार नाही.

'शेतीची गाडी' हा गैरसमज

वाचकहो, आपल्याकडे सर्रास ऐकू येतं की घरच्या शेतीचा माल वाहणाऱ्या गाडीला कागद लागत नाहीत. हे खरं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे माल वाहण्यासाठी बनवलेली गाडी ही परिवहन वाहनच असते. माल घरचा आहे की भाड्याचा, यानं फरक पडत नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. तो बिगर-परिवहन वाहनात येतो. त्याची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. मालगाडीला मात्र फिटनेस सर्टिफिकेट लागतं. गाडी नवी असताना ते दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की दरवर्षी घ्यावं लागतं. फिटनेस नसलं की नोंदणी असूनही ती कायद्याच्या नजरेत वैध राहत नाही.

परमिटचंही तसंच. मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिटची सूट आहे. आमची ४०७ त्याच्या वर जाते, म्हणून परमिट हवंच.

चालकाच्या लायसन्सचा घोळ तर घरोघरी आहे. परिवहन वाहन चालवायला वय २० पूर्ण पाहिजे. भाच्याकडे लायसन्स होतं, पण वय नव्हतं. दादाकडे हलक्या मोटारीचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स होतं. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाच्या निकालानं स्पष्ट केलं की ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी त्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. त्यामुळे दादाची एक काळजी मिटली. आठवी पासची अटही २०१९ मध्ये निघाली आहे.

मालक गेल्यावर काय करायचं?

ही गोष्ट प्रत्येक घरानं लक्षात ठेवावी. गाडीचा मालक वारला तर ३० दिवसांच्या आत आरटीओला तसं कळवायचं आणि गाडी आपण वापरणार असल्याचं सांगायचं. मग तीन महिने ती वापरता येते. त्या तीन महिन्यांतच नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जवळ ठेवायची. आम्ही दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध सगळं वेळेवर केलं. हे एकच राहिलं.

दुसरं राज्य असेल तर आणखी एक पायरी. गाडी १२ महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत दाखला आणायचा. टॅक्सची बाकी, दंडाची चलनं काही राहिलेलं चालत नाही; बँकेचा बोजा असेल तर बँकेची संमती लागते. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत कार्यालयानं काहीच कळवलं नाही, तर दाखला मिळाला असं कायदा मानतो, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. मग नव्या गावी नमुना २७ भरायचा.

एका एजंटानं आम्हाला "सगळं आठ दिवसांत करून देतो" असं सांगून पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. मग दादा स्वतःच उभा राहिला. बराच भाग आता परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो. भाच्यानं ते काम केलं आणि त्यात त्याचं पापही थोडं धुतलं गेलं.

ठेवायची की मोडायची?

मधे एक वेळ आली की गाडी भंगारात द्यावी असं सगळ्यांना वाटू लागलं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या तपासणीची फी खूप वाढली. मोठ्या ट्रकची १,५०० ची १२,५०० रुपये झाली. त्यानंतरही दर बदलत आले आहेत, तेव्हा खर्च आधी नीट विचारून घ्या. पंधरा वर्षं झाली की गाडी आपोआप बाद, ही अफवा मात्र आहे. तो नियम एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना आहे. दिल्ली परिसराचे नियम निराळे. आपल्या गाडीचं भवितव्य तिच्या तब्येतीवर ठरतं. मोडायचीच असेल तर सरकारमान्य भंगार केंद्रातच द्या. तिथला दाखला नव्या गाडीची नोंदणी फी आणि कर यांत सवलत मिळवून देतो.

आम्ही हिशेब मांडला. आई एवढंच म्हणाली, "चालत असंल तर चालवा, पण कुणाच्या जीवावर नको." २०२३ मध्ये विमा काढला, थकलेला टॅक्स दंडासकट भरला. पहिल्या तपासणीत ब्रेक आणि दिवे नापास झाले. मिस्त्रीनं पंधरा दिवस घेतले. दुसऱ्या वेळी पास झाली. मग दादाचं नाव लागलं, ना-हरकत दाखला आला आणि शेवटी जीजे-०५ ची पाटी बसली. खर्चाचा आकडा दादानं वहीत लिहून ठेवलाय, पण तो म्हणतो की सायकलवाल्याच्या रात्रीपेक्षा स्वस्त पडला.

पाटी बदलली त्या दिवशी आई गाडीसमोर उभी राहून म्हणाली, "आपला नंबर गेला गं." मला एकदम माझं लग्न आठवलं. मीही माहेरचं नाव टाकून या गावात आले होते. मी आईला बॉनेट उघडून पत्र्यावर कोरलेला आकडा दाखवला. म्हटलं, "आई, हा चासी नंबर. नाव बदललं तरी हा बदलत नाही."

आईनं त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. गाडी आता दादाच चालवतो. भाच्याला अजून किल्ली मिळालेली नाही.