आमरी ओळखायची कशी?

पाऊस स्थिरावला की कासच्या पठारावर आणि सह्याद्रीच्या सड्यांवर पांढऱ्या हबेआमरी, म्हणजे 'हॅबेनारिया' ऑर्किड, फुलतात. वरवर पाहिलं तर साऱ्या जुळ्या बहिणी! मग वेगळ्या ओळखायच्या कशा?

आधी पान बघा. 'हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस'चं गोलसर पान जमिनीला अगदी चिकटलेलं असतं. बहुधा एकच, फार तर दोन. तिच्यासारखीच दिसणारी 'रॅरिफ्लोरा' खडकाच्या कपारीत वाढते, आणि तिला बुडाशी तीन-चार लांबट पानं असतात. 'हेनिआना'ची फुलं दांड्याच्या एकाच बाजूला ओळीनं लागतात, म्हणून तिला टूथब्रश ऑर्किड म्हणतात.

मग फूल बाजूनं न्याहाळा. ओठासारख्या पाकळीमागे एक पोकळ शेपूट लोंबते. ही मधनळी. 'हॅबेनारिया' हे नावही लगाम किंवा वादी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं आहे. 'लाँगिकॉर्निक्युलाटा'ची मधनळी दहा सेंटिमीटरहून लांब भरते. तळातला मध गाठायला पतंगाची सोंडही तेवढीच लांब लागते. नळीच्या लांबीनुसार परागवाहक बदलतो, परागांची सरमिसळ टळते आणि जाती वेगळ्या राहतात. म्हणूनच वर्गीकरणात रंगापेक्षा या नळीला अधिक मोल.

ओळख पटवण्यासाठी झाड उपटू नका. जमिनीखालचा कंद गेला, तर पुढच्या पावसात तिथं काहीच उगवणार नाही. पान, समोरून फूल आणि बाजूनं मधनळी, असे तीन फोटो पुरेत.