सूत्रातला ‘डी’ आणि खोडदच्या तबकड्या

खगोलशास्त्राच्या पहिल्याच कोर्समध्ये एक सूत्र भेटतं: दुर्बिणीला दिसणारा सगळ्यात बारीक कोन म्हणजे तरंगलांबी भागिले व्यास, म्हणजेच ‘डी’ (1.22 सध्या बाजूला ठेवा). परीक्षेपुरतं ते पाठ होतं. संशोधनात यायचं असेल तर ते खोडदच्या जीएमआरटीवर लावून बघा. जुन्नर-आंबेगावकरांना तर ती जवळच आहे.

तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. हायड्रोजनची 21 सेंटिमीटर तरंगलांबी घ्या. 0.21 भागिले 45, म्हणजे साधारण पाव अंश. चंद्राची अर्धी रुंदी! यापेक्षा बारीक काही एकट्या तबकडीला दिसत नाही. आता ‘डी’च्या जागी टोकाच्या तबकड्यांमधलं सुमारे 25 किलोमीटर अंतर टाका. अंशाचे 3600 भाग केले, तर त्यातले जेमतेम दोन.

इथे खूश होऊन थांबू नका. लहरी गोळा करणारं क्षेत्रफळही 25 किलोमीटरच्या तबकडीएवढं झालं का? नाही. ते 30 तबकड्यांचंच, सुमारे 48 हजार चौरस मीटर. त्या काल्पनिक तबकडीच्या दहा हजाराव्या भागाएवढं. बारकावा अंतरातून येतो, मंद स्रोत पकडायची ताकद क्षेत्रफळातून. एका आरशाच्या दुर्बिणीत दोन्ही एकाच ‘डी’मागे लपतात, म्हणून कोर्समध्ये फरक जाणवत नाही.

शिवाय 30 तबकड्यांच्या जोड्या फक्त 435. मधली अंतरं रिकामीच. पृथ्वी फिरते तशा त्यातल्या काही जागा भरतात, म्हणून एकाच स्रोताकडे तासन्‌तास बघत बसावं लागतं.