ब्राह्मी : कोणती, कुठली आणि कशासाठी?

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की घराघरांत ब्राह्मीची आठवण होते. गोळ्या, सिरप, डोक्याला लावायचे तेल, काही ना काही आणले जाते. आजोबांना नावे आठवेनाशी झाली तरी पहिला सल्ला ब्राह्मीचाच मिळतो. या वनस्पतीची कीर्ती अगदीच पोकळ नाही. मात्र तिच्याकडून नेमकी कसली अपेक्षा ठेवायची, हे समजून घ्यायला हवे.

मुळात ब्राह्मी या एकाच नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधिकोशात ब्राह्मी म्हणजे ‘बॅकोपा मोनिएरी’, अर्थात जलब्राह्मी. ही दलदलीत, ओढ्याकाठी, पाणथळ जागी जमिनीलगत पसरते. पाने लहान व मांसल, फुले पांढरी किंवा फिकट जांभळी, चव कडू. कुंडीत ‘ब्राह्मी’ म्हणून लावलेली लांब देठाची, गोलसर पानांची वेल मात्र बहुधा मंडूकपर्णी असते. चरकसंहितेतील चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा रस आहे, तर ब्राह्मीघृत अपस्माराच्या उपचारांत येते. मान दोघींनाही आहे, पण त्यांतील रासायनिक घटक वेगळे. त्यामुळे एकीवरच्या संशोधनाचा दाखला दुसरीसाठी देता येत नाही.

जलब्राह्मीतील ‘बॅकोसाइड’ या घटकांवर लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बरेच काम झाले. पुढे माणसांवरही चाचण्या झाल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांचा तीन महिने अभ्यास करण्यात आला. नवे शिकण्याचा वेग वाढला नाही, पण शिकलेले विसरण्याचे प्रमाण कमी झाले. २०१४ मध्ये नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात लक्ष देऊन प्रतिसाद देण्याचा वेग काहीसा सुधारल्याचे दिसले. या चाचण्या किमान १२ आठवड्यांच्या होत्या. शिवाय त्यांत पोटातून दिलेला, प्रमाणित अर्क वापरला होता. म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात सुरू केलेल्या गोळीकडून किंवा केसांच्या तेलाकडून तशा परिणामाची आशा धरणे चुकीचे आहे.

ब्राह्मी कुठल्या पाण्यात वाढली, हेही महत्त्वाचे. ही वनस्पती पाण्यातील व चिखलातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून साठवते. नाल्याकाठची किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली ब्राह्मी औषध म्हणून खाऊ नये. सुट्या, ठावठिकाणा नसलेल्या चूर्णापेक्षा परवानाधारक उत्पादन बरे.

काहींना ब्राह्मीने मळमळ, पोटात कळा किंवा वारंवार शौचाला होणे असा त्रास होतो. थायरॉइडचे, फिटचे किंवा स्मृतिभ्रंशाचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच ती घ्यावी. फिट येणाऱ्या रुग्णाने नेहमीच्या गोळ्या बंद करून ब्राह्मीवर विसंबणे तर जिवावर बेतू शकते.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. वाढता विसराळूपणा म्हणजे केवळ वय झाले, असे गृहीत धरू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंद गती, नैराश्य, झोपेच्या गोळ्या ही त्यामागची कारणे असू शकतात आणि त्यांवर इलाज आहे. म्हातारे माणूस पडल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गोंधळल्यासारखे वागू लागले, तर मेंदूवर रक्त साचलेले असू शकते. अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठावे. ब्राह्मीचा गुण पाहायला तीन महिने थांबावे लागते, पण या रुग्णांना तीन दिवसांचा उशीरही महागात पडतो. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी. ब्राह्मीचा विचार त्यानंतर करता येईल.