फॉरमॅट मारण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. शेजारच्या निवृत्त सरांचा लॅपटॉप चौथ्या पिढीतला आय-थ्री, रॅम चार जीबी. बिजागऱ्या घट्ट, कीबोर्ड शाबूत, तरी नियमाने बाद. म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकायचं ठरलं.

दुकानात पहिला प्रश्न असतो, “फॉरमॅट मारू का?” आमचा बराच वेळ त्याआधीच गेला. सरांचं अर्धं आयुष्य त्या मशीनवर श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं होतं: शाळेचे अहवाल, प्रश्नपत्रिका, सत्काराची भाषणं. अशा जुन्या फायलींत खरं तर मराठी अक्षरं नसतातच. आत साठवलेले असतात भलतेच संकेत आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट नसेल तर अख्खा अहवाल कंस, टक्के आणि तुटक रोमन अक्षरांचा ढीग होतो. त्यामुळे जुनी सिस्टीम जिवंत आहे तोवर सगळं युनिकोडमध्ये आणणं भाग होतं. कन्व्हर्टर चुकतो तो ठरावीक जागी. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. ‘कार्यक्रम’ आणि ‘विद्यार्थी’ डोळ्यांनी तपासत बसावं लागलं. सर चष्मा लावून लाल पेनच घ्यायचे बाकी होते.

मग पेनड्राइव्ह. मिंटची आयएसओ फाइल जेमतेम तीन जीबीची. उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळवायचा. हे बरेच जण टाळतात आणि मग अर्ध्यात अडकतात. रूफस या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर लिहिताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नये.

फिरती हार्डडिस्क काढून सॅटा एसएसडी बसवला. माझं मत विचाराल तर जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेकदा प्रोसेसरमुळे नाही, या तबकडीमुळे. पैसे थोडेच असतील तर ते इथे घालावेत. जुनी डिस्क तशीच जपून ठेवली.

चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची. कुठे एफ-१२, कुठे एफ-९, कुठे एस्केप, कंपनीगणिक निराळी. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं आणि ही पायरी कधीच गाळू नये. आवाज आला, टचपॅड चालला, वायफाय मात्र दिसेना. चिप ब्रॉडकॉमची होती आणि तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, ड्रायव्हर मॅनेजरने तो उतरवला, प्रश्न मिटला.

प्रत्यक्ष इन्स्टॉलला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. भाषा, कीबोर्ड, डिस्क, नाव, पासवर्ड. वेळेच्या नकाशावर नागपूरजवळ क्लिक केलं तरी खाली कोलकाताच येतं. सरांना ते अजिबात पटलं नाही. डेस्कटॉप आयएसओ उतरवतानाच एक्सएफसीईचा निवडला होता, कारण चार जीबीत तो सुटसुटीत चालतो. पुढे काही बिघडलं तर मागे येता यावं म्हणून टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला.

राहिला मराठी कीबोर्ड. आयबस या टायपिंगच्या सोयीत एम१७एन टाकलं की इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन, रेमिंग्टन असे देवनागरीचे पर्याय येतात. टाइपरायटरवर शिकलेल्या सरांनी अर्थातच रेमिंग्टन घेतला आणि सोसायटीची पाण्याच्या वेळांची नोटीस टाइप केली. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, तर ती सगळ्यांच्या फोनवर थेट मराठीतच उमटली. “म्हणजे आता फोटो काढून पाठवायला नको,” सर म्हणाले आणि पार्किंगची नोटीस लिहायला घेतली.