लोकमत आणि न्यायनिर्णय : अल्पवयीन आरोपी व बंद्यांची सुटका



गावातील दारूचे दुकान बंद करावे की नाही, हे महाराष्ट्रात मतदानाने ठरू शकते. ‘आडवी बाटली’ हे त्या मतदानातील चिन्ह तुमच्या परिचयाचे असेल. परंतु बंद्याला मुदतीपूर्वी सोडावे का, अल्पवयीन आरोपीवर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का, हे प्रश्नही मतदारांनीच सोडवावेत काय? या घटकात आपण त्याचा विचार करू.

१. मतदारांचा कौल

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कायद्याचे प्रस्ताव थेट मतदानास ठेवता येतात. २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २१ मुळे, चौदा वर्षांवरील काही अल्पवयीनांचे खटले थेट प्रौढांच्या न्यायालयात दाखल करण्याचा अधिकार सरकारी वकिलांना मिळाला. २०१६ साली मतदारांनीच प्रस्ताव ५७ संमत करून हा निर्णय न्यायाधीशांकडे सोपवला. अहिंसक गुन्ह्यांतील बंद्यांचा, मुख्य गुन्ह्याची शिक्षा भोगून झाल्यावर, पॅरोलसाठी विचार करण्याची तरतूदही त्यात होती.

२. आपल्याकडील व्यवस्था

भारतात असे कायदे विधिमंडळे करतात. तरीही लोकभावनेचा प्रभाव त्यांवर पडतोच. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेत एका अल्पवयीन आरोपीला तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. त्यावर उसळलेल्या संतापाच्या पार्श्वभूमीवर बाल न्याय अधिनियम, २०१५ संमत झाला.

समजा, सोलापूरजवळील कुंभारी गावातील सतरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप आहे. त्याला प्रथम बाल न्याय मंडळापुढे हजर केले जाईल. मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत किमान एक महिला असते. किमान सात वर्षे कारावासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आरोपी सोळा ते अठरा वयाचा असल्यास, मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासते. त्यानंतरच खटला बाल न्यायालयाकडे पाठवता येतो. तेथेही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

पॅरोलचा अर्थही येथे वेगळा आहे. महाराष्ट्रातील ‘अभिवचन रजा’ ही कुटुंबातील मृत्यू, गंभीर आजार अशा कारणांसाठी मिळणारी तात्पुरती रजा होय; रजा संपताच बंद्याला तुरुंगात परतावे लागते. मुदतीपूर्वी सुटका हवी असल्यास शासनाने शिक्षेत सूट द्यावी लागते.

३. समारोप

कॅलिफोर्नियातील मतदारांनी सोळा वर्षांत आपलाच कौल फिरवला. यावरून लोकमत बदलते, हे स्पष्ट होते. कायद्याची दिशा ठरवण्याचा लोकांचा अधिकार नाकारता येणार नाही. मात्र एका विशिष्ट मुलाचे भवितव्य ठरवताना त्याचे वय, त्याची समज व त्याची परिस्थिती समोरासमोर पाहावी लागते. हे काम मतपेटी करू शकत नाही. म्हणूनच प्रस्ताव ५७ मंजूर करणाऱ्या मतदारांनीही अंतिम निर्णय स्वतःकडे ठेवला नाही, न्यायाधीशांकडे दिला.

स्वयंअध्ययन प्रश्न : बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर सामाजिक कार्यकर्ते का असावेत? तुमचे मत सकारण लिहा.